शेजारच्या सीटचा ब्रेक

बाईंनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि ती सगळी वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून होत्या. त्यांच्या पांढऱ्या गाडीत ब्रेक दोन होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाईंच्या. शिकणाऱ्याच्या ब्रेकचं रबर वर्षानुवर्षं टिकायचं. बाईंच्या ब्रेकचं मात्र दर दोन वर्षांनी बदलावं लागे, आणि ते बदलताना गॅरेजवाला दरवेळी विचारी, "बाई, ही गाडी पुढे जाते तरी कधी?" बाई नवं रबर दाबून बघत आणि पैसे चुकते करत. त्यांच्या गाडीत आजवर कुणाला साधा ओरखडाही आला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय त्या आपल्या उजव्या पायाला देत.

दुसरा अभिमान तारखेचा. पहिल्याच दिवशी त्या नव्या माणसाला बजावत, "चाळीस तास, मग परीक्षेची तारीख. एक्केचाळिसावा लागला तर तो तुमच्या धांदरटपणाचा." आणि चाळीस तासांनंतर माणूस खरोखरच परीक्षा पास व्हायचा, निम्मा शिकल्यामुळे आणि निम्मा बाईंच्या धाकाने. अपवाद एकच, तो म्हणजे सलूनवाले काका.

काका सदुसष्ट वर्षांचे. चौकातलं सलून त्यांनी उभा जन्म चालवलं. हळूहळू गिऱ्हाइकं म्हातारी झाली, कुणाचे गुडघे गेले, कुणाला जिना उतरवेना. तेव्हा काकांनी ठरवलं की आता आपणच कात्री-वस्तरा घेऊन घरोघर जायचं आणि त्यासाठी गाडी शिकायची. माणूस गोड, हात हलका, पण लक्ष सगळं रस्त्यावरच्या डोक्यांवर. "ह्याचे कल्ले वरखाली झालेत बघा," असं म्हणत ते आख्खा हिरवा दिवा घालवायचे. आठ वेळा नापास झाले. एकदा तर परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्याच मानेवरचे केस बघताना त्यांनी गाडी फुलांच्या वाफ्यात घातली. बाईंच्या नाकी नऊ आले होते. पण काका रडकुंडीला आले की त्या दरवेळी एकच सांगत, "आजचा दिवस गेला. खिडकीवर जा, पुढची तारीख घ्या, आणि उद्या सातला या." काका तारीख घेत आणि दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असतानाच फाटकाशी उभे असत.

नवव्या खेपेला ते पास झाले.

साहेबांनी सही केली तरी काकांचा आधी विश्वासच बसेना. मग बसला. मग त्यांनी गाडीत बसल्या बसल्या दोन्ही हात हॉर्नवर ठेवले आणि ते काढायचंच विसरले. बाई नेमक्या बॉनेटसमोर उभ्या होत्या. आनंद त्यांनाही इतका झाला होता की काय करावं सुचेना. एकतीस वर्षांत त्यांनी कुणा विद्यार्थ्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली नव्हती, आणि आता ह्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटत होती. तेवढ्यात छातीत कळ आली. बाई परीक्षेच्या मैदानावरच्या लाल-पांढऱ्या शंकूला धरून खाली बसल्या. काकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं, म्हणून त्यांनी हॉर्न आणखी थोडा वेळ वाजवला.

हॉस्पिटलात त्यांना काकांनीच नेलं, कारण साहेब "पाणी, पाणी" ह्यापलीकडे काही बोलत नव्हते. परवाना मिळून चार मिनिटं झालेला माणूस, शेजारी घामाने डबडबलेल्या बाई, आणि बाईंच्या पायाशी त्यांचा तो ब्रेक. दहा मिनिटांचा रस्ता पंचवीस मिनिटांचा झाला.

"बाई, हात जोडतो, ब्रेकवरचा पाय काढा!" काका काकुळतीला आले होते.

"हात जोडू नका, चाकावर ठेवा," बाई छाती धरून म्हणाल्या. "आणि आरसा बघा. आधी आरसा."

डॉक्टर अगदी पोरसवदा होते. सगळ्या तपासण्या झाल्यावर ते खाटेशी येऊन बसले.

"काकू, रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत. अडथळा कुठेच नाही. पण धक्क्याने हृदयाचा खालचा भाग फुगून बसलाय, आकुंचनच पावत नाही. जपानात ऑक्टोपस पकडायचं एक मडकं असतं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तसा आकार झालाय. आजाराला नावही त्या मडक्याचंच आहे. मला सांगा, घरात काही मोठं दुःख, भांडण, भीती?"

"नाही. काका पास झाले."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले.

"आनंदानेही होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "क्वचित, पण होतं. दर ठोक्याला हृदय आतलं रक्त किती टक्के बाहेर ढकलतं ते आम्ही मोजतो. साठच्या आसपास हवं. तुमचं आहे तीस."

"साठ कधी होईल?"

"बहुतेकांचं सहा आठवड्यांत पूर्ववत होतं."

बाईंनी उशाखालची डायरी काढली आणि सहा आठवडे मोजून तारीख लिहिली. 'बहुतेकांचं' हा शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांना एवढंच कळलं होतं की शिकवण्याचा परवाना चालू ठेवायचा तर आजपासून वर्षाच्या आत डॉक्टरांचा दाखला द्यावा लागेल. डॉक्टर म्हणाले, "पन्नासला पोचल्याशिवाय मी सही करणार नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे." बाईंनी वाद घातला नाही, कारण डॉक्टरांच्या जागी त्याही हेच म्हणाल्या असत्या. वर्ष उलटलं तर परवाना बाद होणार होता आणि पांढरी गाडी विकावी लागणार होती. त्या गाडीविना सकाळी सात वाजता आपण नेमकं काय करायचं, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

घरी यजमानांनी सगळा कारभार हाती घेतला. बाईंचे यजमान हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर 'शक्यता आहे' म्हणून म्हणून त्यांना ठाम बोलण्याची सवयच उरली नव्हती. लग्नाला होकारसुद्धा त्यांनी 'हरकत नसावी' असा दिला होता. पण आता त्यांना चेव आला. ताण नको म्हणून त्यांनी दारावरच्या घंटेची तार काढून ठेवली, त्यामुळे भेटायला आलेली माणसं बाहेर ताटकळत उभी राहून निघून जाऊ लागली. वर्तमानपत्रातल्या वाईट बातम्या ते सकाळीच कात्रीने कापून काढत. बाईंच्या हाती येई ती नुसती जाळी, हवामानाचा अंदाज आणि शब्दकोडं. स्वयंपाकघरात झाकण हातातून निसटलं तर ते जागच्या जागी थिजून उभे राहत आणि बाई जिवंत आहेत ना, ह्याचा कानोसा घेत.

"अहो, घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय," बाई बाहेरच्या खोलीतून ओरडत. "जरा आवाज करा!"

"तू बोलू नकोस गं, ठोके वाढतील. तशी शक्यता आहे."

सहा आठवडे भरले, त्या दिवशी टक्के निघाले चौतीस. बाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चाळिसाव्या तासाला 'बाई, क्लच कुठला?' असं विचारलं होतं.

"तुम्ही सहा आठवडे म्हणाला होतात."

"बहुतेकांचं, असं म्हणालो होतो."

"मग मी कोण?"

"उरलेल्यांपैकी," डॉक्टर म्हणाले, आणि जीभ चावून घाईघाईने पुढे बोलले, "काहींना जास्त महिने लागतात, काकू. का लागतात ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. ह्याचा अर्थ होणारच नाही असा नाही. औषधं चुकवू नका, चाला, ताण घेऊ नका."

तिसऱ्या महिन्यात पस्तीस. दीड महिन्यात एक टक्का! बाईंचा संताप अनावर झाला, आणि ताण घ्यायचा नसल्यामुळे तो त्यांना मनातल्या मनात करावा लागला. दुपारी कोचावर पडल्या की त्या स्वतःच्या छातीला दटावत, "एवढ्यात लोक उलटी गाडी घालायला शिकतात. तुला साधं मिटायला जमेना?" पण रागाच्या तळाशी भीती होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला तारखा दिल्या होत्या. आता त्यांच्याच आतलं कुणीतरी त्यांची तारीख जुमानत नव्हतं, आणि त्याला ब्रेक नव्हता, चाक नव्हतं, ओरडून सांगायची सोय नव्हती.

हॉस्पिटलात न्यायला-आणायला काकाच येत. यजमानांना गाडी येत नव्हती. टॅक्सीचा प्रयोग एकदाच झाला. त्या टॅक्सीवाल्याला बाईंनी तीन चौकांत नऊ सूचना केल्या, तेव्हा त्याने चौथ्या चौकात गाडी थांबवून दोघांना अदबीने खाली उतरवलं. काकांनी एव्हाना एक जुनी निळी गाडी घेतली होती. तिच्यातून ते गिऱ्हाइकांच्या घरी जात, आणि आपल्या हॉर्नने बाईंची ही दशा केली ह्या विचाराने बाईंपुढे मान खाली घालून असत. त्या गाडीत बाईंच्या बाजूला ब्रेक नव्हता. बाई नुसत्या चटईवर पाय दाबत.

तिसऱ्या महिन्याच्या त्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "ताण वगैरे काही?"

"छे, काहीच नाही," बाई म्हणाल्या.

"एकशे चौदा," दारातून काका म्हणाले.

"काय एकशे चौदा?"

"घरापासून इथपर्यंत बाईंनी एकशे चौदा वेळा ब्रेक दाबला, डॉक्टर. आणि माझ्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेकच नाहीये. चटईला भोक पडलंय."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई काकांवर कडाडल्या, "माझा पाय मोजत होतात म्हणजे लक्ष रस्त्यावर नव्हतं!"

पुढच्या आठवड्यात बाईंना औषधं आणायला न्यायचं होतं, तेव्हा काका आले ते हसू दाबत. बाईंसाठी गाडीचं दार उघडून त्यांनी पायाशी बोट दाखवलं. तिथे नवाकोरा ब्रेक होता, काळ्याभोर रबराचा. "गॅरेजवाल्याकडून बसवून घेतला, खास तुमच्यासाठी," काका म्हणाले. बसताना बाईंनी पदर सावरावा तशी सीट पुढे-मागे करून नीट केली. गाडी निघाली. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी अलगद थांबली. दुसऱ्या वळणावरही थांबली. बाईंचा जीव भांड्यात पडला. दाराची मूठ त्यांच्या हातून त्या दिवशी पहिल्यांदा सुटली.

मग त्या आठवड्यातून दोनदा काकांबरोबर फेरीला जाऊ लागल्या. काका कुणाच्या तरी बैठकीत खुर्चीभोवती वर्तमानपत्र पसरून केस कापत, आणि बाई शेजारी बसून त्या म्हाताऱ्याच्या तरुणपणच्या गोष्टी ऐकत. असं नुसतं बसणं त्यांनी कधी केलं नव्हतं. पाचव्या महिन्यात टक्के एक्केचाळीस झाले. "ब्रेक आहे म्हणून," बाई यजमानांना म्हणाल्या. यजमान खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तशीही शक्यता आहे." बाईंना त्यांचा आवाज जरा चोरटा वाटला, पण त्यांनी लक्ष दिलं नाही.

नवव्या महिन्याच्या तपासणीवर बाईंनी सगळी भिस्त ठेवली होती. पन्नास नक्की, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, दाखल्याचा कोरा कागदसुद्धा फाइलीत घातला होता. वाटेत फाइल मांडीवरून घसरली. ती उचलायला बाई वाकल्या, आणि एकतीस वर्षं ब्रेक दाबणाऱ्या बाईंनी हा ब्रेक पहिल्यांदाच जवळून पाहिला. एका लाकडी फळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला होता. खाली स्प्रिंग होती. मागे काहीच नव्हतं. ना दांडा, ना तार.

बाई सरळ बसल्या.

टक्के निघाले सत्तेचाळीस.

"खूप छान आहे, काकू," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू येतंय."

"आज मला राग आला होता. म्हणून तीन कमी पडले का?"

"एका सकाळच्या रागाने इतकं होत नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

तीन महिन्यांनी म्हणजे वर्षाला नऊ दिवस उरतील तेव्हा. एकच तारीख शिल्लक राहिली होती. बाई फाइल छातीशी धरून गाडीपाशी आल्या, आत बसल्या, आणि मागच्या सीटवर यजमान बसेपर्यंत थांबून त्यांनी विचारलं, "काका, हा ब्रेक कशाला जोडलाय?"

काकांचा चेहरा पडला. मागे यजमानांनी खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

"कशालाच नाही, बाई."

"पाच महिने मी तो दाबतेय!"

"हो. फार छान दाबता."

"ह्यांना माहीत होतं?"

"फळी आपल्या घरचीच आहे," मागून यजमान म्हणाले. आयुष्यात इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच निघालं असेल.

बाईंचा तिळपापड झाला. मग त्यांच्या मनात एक वेगळाच प्रश्न आला. "मी दाबला की गाडी थांबायची. दरवेळी थांबायची. ती कशी?"

"मी थांबवायचो."

"माझा पाय बघून?"

काकांनी कान खाजवला. खोटं बोलावं की खरं, ह्याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "सुरुवातीला पाय बघून. पण मग तुमचा पाय जायच्या आधीच माझा जायला लागला. तुम्ही शिकवलंत तसंच. तुम्ही दाबायचात तेव्हा गाडी थांबतच आलेली असायची."

बाईंनी काकांच्या पायाकडे पाहिलं. पाच महिने ह्या माणसाने त्यांना वळणांवरून, चौकांतून, शाळा सुटताना पोरांच्या गर्दीतून नेलं-आणलं होतं, आणि बाईंनी एकदाही गाडी थांबवली नव्हती. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी अभिमानही वाटला. एकतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला त्यांनी कधी आपल्या ब्रेकशिवाय गाडी चालवताना पाहिलंच नव्हतं. म्हणजे कुणाला खरोखर गाडी येते की नाही, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आठ वेळा नापास झालात. घरी जाऊन काय करायचात?"

"पहिल्या वेळी रडलो. दुसऱ्या वेळी बायकोवर ओरडलो, मग परत रडलो. नंतर झोपायचो. सातला यायचं असायचं ना." काका थोडे थांबले. मग आवाज शक्य तेवढा बाईंसारखा कडक करून म्हणाले, "आजचा दिवस गेला, बाई. खिडकीवर जा, पुढची तारीख घ्या."

यजमानांनी श्वास रोखला. असं बाईंशी कुणी बोललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बाई मात्र निमूटपणे उतरल्या, खिडकीवर गेल्या, तारखेची चिठ्ठी घेऊन आल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी हातातली पिशवी त्या खोट्या ब्रेकला अडकवली आणि पाय सीटखाली ओढून घेतले.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा गाडी त्यांच्याच फाटकाशी उभी होती. इंजीन बंद होतं. काका चाकावर वर्तमानपत्र टेकवून शब्दकोडं सोडवत होते. यजमान फाटकाला टेकून पहारा देत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करत होते.

"मी झोपले?" बाईंना पटेना. चालत्या गाडीत त्या जन्मात झोपल्या नव्हत्या.

"दुसऱ्या चौकातच. इथे येऊन तास झाला."

"उठवलं का नाही?"

"कशाला उठवायचं? वाट बघायला मला येतं की," काका म्हणाले. मग हळूच, "आज एकदाही नाही, बाई. पाय हललाच नाही."

यजमानांनी हात दिला. फाटकातून आत जाताना बाईंनी विचारलं, "अहो, होईल का हो?" यजमानांनी सवयीने आधी वर आभाळाकडे पाहिलं. मग खाली बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "होईल."

शेवटच्या तारखेला काका बाहेरच्या बाकावर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते, न जाणो. बाई बाहेर आल्या तेव्हा ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "पास?"

"त्रेपन्न," बाई म्हणाल्या आणि सही केलेला दाखला त्यांच्यापुढे धरला.

काकांच्या डोळ्यांना धार लागली, पण तोंडातून हूं की चूं नाही. अगदी चवड्यांवर चालत ते गाडीपर्यंत गेले. दारही त्यांनी आवाज न करता लावलं. मागे यजमान नाक शिंकरायचं होतं तरी थांबून राहिले. गाडी निघाली, 'हॉर्न वाजवू नये' ही हॉस्पिटलची पाटी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, तशा बाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या. आता वाजवा."

"नको, बाई."

"वाजवा म्हणते ना."

"मागच्या वेळी वाजवला तर वर्ष गेलं तुमचं. मी नाही वाजवणार." काकांनी हात पुन्हा मांड्यांखाली घातले.

"वाजवायला हरकत नसावी," मागून यजमान म्हणाले.

काका हलले नाहीत. तेव्हा बाई शेजारच्या सीटवरून वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हात हॉर्नवर ठेवले. पलीकडच्या झाडावरची पाखरं उडाली. समोरच्या दुकानातून दोन माणसं बाहेर आली. छातीत काही दुखलं नाही, नुसतं धडधडत होतं, आणि ते धडधडणं बाईंना फार आवडलं. हात काढायचं त्या विसरल्या नव्हत्या, त्यांना काढायचेच नव्हते.

"रडताय काय?" हॉर्नच्या वर आवाज चढवून त्या काकांवर ओरडल्या. "आरसा बघा आणि गाडी काढा. उद्या सातला माझा तास आहे!"